आधी व्हर्निअर, मग बिल

स्टार चार दिलेत. साडेचारची सोय असती तर साडेचार दिले असते, बाकीचे कुठे कापले ते खाली येईलच. मुलुंडच्या या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे इथले आधीचे रिव्ह्यू बघितले तर सगळे 'गुड सर्व्हिस', 'नाइस अंकल', 'पंक्चर लगेच काढून दिलं' असे एकेका ओळीचे आहेत, आणि माउंटन बाइक घेऊन येऊरच्या डोंगरात नाहीतर आरेच्या जंगलात चिखल तुडवणाऱ्या माणसाला त्यातून घंटा काही कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबणारे, चहा घेऊन बसा.

दिसायला दुकान म्हणजे एक गाळा. बाहेर लहान मुलांच्या सायकली टांगलेल्या, टोपल्या, घंट्या, साइडची छोटी चाकं, आत भिंतीवर पाने आणि कोपऱ्यात चाक सरळ करायचा स्टँड. बघून वाटतं इथे हवा भरणे आणि पंक्चर एवढंच होत असणार. काका साठीच्या आसपासचे, चष्मा कायम कपाळावर, आणि टेबलाच्या वरच्या खणात एक व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी. तुम्ही काहीही मागा, चेन मागा, कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचा संच) मागा, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) मागा, काका पार्ट काढत नाहीत, आधी व्हर्निअर काढतात आणि सायकलजवळ येऊन बसतात. मुंबईत सायकलचे पार्ट विकणारे ढिगाने आहेत, ऑनलाइन तर विचारूच नका, पण 'हा तुझ्या सायकलला बसणार नाही, पैसे खिशात ठेव' असं सांगणारा मला तरी इथेच भेटला.

माझी केस आधी सांगतो कारण ती या दुकानाची सगळ्यात चांगली जाहिरात आहे. सायकल जुनी हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), साडेसत्तावीस इंची चाकं, गिअरच्या चकत्या पुढे दोन मागे नऊ, सगळं शिमानो कंपनीचं. येऊरला एका दगडावर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा, आपण ज्याला आरडी म्हणतो तो, आपटून तुटला. घराजवळच्या एका चकाचक दुकानात दिली (नाव घेत नाही, घ्यायचं पण नाही), त्यांनी सांगितलं अरे अपग्रेड करून देतो, शिमानोचाच डिओरे टाकतो, तुझं खालच्या लेव्हलचं होतं. टाकला. दिसायला एक नंबर. पण गिअर पडेनात. छोट्या चकत्यांवर दोन-तीन क्लिक बरे चालायचे, मग मधे कुठेतरी खडखड सुरू व्हायची, आणि सगळ्यात वरच्या दोन मोठ्या चकत्यांवर तर चेन जायलाच तयार नाही, म्हणजे जिथे चढावर खरी गरज तिथेच बोंब. परत नेली की ते लोक केबल टाइट करून द्यायचे. केबल टाइट केली की वरचे गिअर लागायचे आणि खालचे जायचे, सैल केली की उलटं. त्यांचं म्हणणं शेवटी असं झालं की केबल नवीन आहे, ताणली जाईल, मग आपोआप बसेल, आणि तरी नाहीच बसलं तर हँगर (आरडी ज्यावर लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा) वाकला असेल, तो बदलू, मग कॅसेट बदलू. म्हणजे एकेक करून सगळी सायकलच बदलायची.

इथे आणली तेव्हा काकांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि सायकल स्टँडला लावली. पहिलं काम काय केलं तर शिफ्टरला, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याला, हात न लावता डाउनट्यूबवरून उघडी गेलेली केबल नुसत्या हाताने ओढली आणि दुसऱ्या हाताने पेडल फिरवलं. चेन आरामात सगळ्यात मोठ्या चकतीवर चढली. म्हणाले, "बघ, आरडी पोचतोय. स्क्रू बरोबर आहेत, हँगर पण सरळ दिसतोय. हाताने पोचतो आणि क्लिकने पोचत नाही म्हणजे शिफ्टर आणि आरडी एकमेकांची भाषा बोलत नाहीयेत." मग केबलवर सेलोटेपचा एक बारीक तुकडा चिकटवला, सगळ्यात छोट्या गिअरपासून सगळ्यात मोठ्यापर्यंत आठ क्लिक केले, आणि तो तुकडा किती सरकला ते व्हर्निअरने मोजलं. जवळपास वीस मिलिमीटर. म्हणजे क्लिकला अडीच. मग मान खाली घालून आरडीच्या मागच्या बाजूला कोरलेला नंबर टॉर्च मारून वाचला आणि हसायला लागले.

ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडून द्या. बाकीच्यांसाठी: डिओरे हे नाव एकच असलं तरी त्याखाली नऊ, दहा, अकरा, बारा असे सगळे स्पीड (म्हणजे मागच्या चकत्यांची संख्या) येऊन गेलेत. एम ५९१ नऊचा, एम ६००० दहाचा, एम ५१०० अकराचा, एम ६१०० बाराचा. आता फरक नुसता चकत्यांच्या संख्येचा असता तर चाललं असतं, कारण आरडीला काय माहीत किती गिअर आहेत, तो आपला केबल ओढेल तेवढा सरकतो. गोम तिथेच आहे. शिमानोच्या जुन्या आठ-नऊ स्पीडच्या आरडीची केबल एक मिलिमीटर ओढली की आरडी साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. माउंटन बाइकच्या दहा स्पीडला त्यांनी हे प्रमाणच बदललं, तिथे एक मिलिमीटरला साधारण १.२. म्हणून दहाचा शिफ्टर जास्त केबल ओढतो आणि नऊचा कमी. माझ्याकडे शिफ्टर नऊचा राहिला आणि आरडी दहाचा आला. हिशोब काकांनी बिलाच्या मागे केला: वीस गुणिले १.२ म्हणजे २४ मिलिमीटर. नऊच्या कॅसेटवर दोन चकत्यांमधलं अंतर सुमारे ४.३५, पहिल्यापासून नवव्यापर्यंत आठ उड्या, म्हणजे लागतात पस्तीसच्या आसपास. अकरा मिलिमीटर कमी. अकरा म्हणजे अडीच चकत्या. वरच्या दोन चकत्या का लागत नव्हत्या याचं उत्तर पेनाने कागदावर आलं होतं, आणि जगातला कुठलाही मिस्त्री केबल पिळून ते अकरा मिलिमीटर पैदा करू शकत नव्हता.

गंमत म्हणजे रोड बाइकच्या दहा स्पीडला शिमानोने बराच काळ जुनंच १.७ ठेवलं होतं, त्यामुळे त्यांच्या जुन्या टियाग्रा ४६०० या रोड बाइकच्या मॉडेलचा दहाचा आरडी माझ्या नऊच्या शिफ्टरवर प्रत्येक क्लिकला बरोबर चकतीवर गेला असता, फक्त माझी मोठी कॅसेट त्याला झेपली नसती. आणि माउंटन बाइकचा, त्याच कंपनीचा, त्याच 'दहा' आकड्याचा होत नाही. हे असलं ज्ञान डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

पुढे काकांनी दोन रस्ते ठेवले. एक, दहाचा आरडी आहे तसा ठेव आणि त्याला जुळणारा शिफ्टर, कॅसेट आणि चेन घे, दहाची कॅसेट तुझ्याच फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसवायचा भाग) बसेल. दुसरा, हा आरडी काढून शिमानोचाच नऊचा अलिव्हिओ लाव, बाकी काही बदलू नको. पहिल्यात त्यांचा धंदा जास्त होता हे सांगायला नकोच. त्यांनी स्वतःच म्हटलं दुसरा कर, तुझी कॅसेट अजून अर्धीही झिजलेली नाही. पण लाँग केजच (केज म्हणजे आरडीचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) हवा, का ते पण मोजून: पुढे ३६ आणि २२ दाते, फरक १४, मागे ३६ आणि ११, फरक २५, बेरीज ३९, एवढी ढिली चेन गिळायला छोटा केज पुरत नाही. आरडी तीन हजारांच्या आत आला, वर लेबर साडेतीनशे, नवीन केबल आणि तिची बाहेरची नळी धरून. दहाचा डिओरे मी दहा स्पीडवाल्या एका पोराला ऑनलाइन विकला, त्याच्याकडे तो लोण्यासारखा चालतोय.

आता हँगर. मुंबईत हँगर वाकायला डोंगरावर जायची गरज नाही, मालडब्यातून सायकल नेली की झालं. सकाळच्या ट्रेनमधे लगेजच्या डब्यात तुमची सायकल एका बाजूला, तिच्यावर कुणाची तरी माशांची पाटी, कुणाचे कापडाचे गठ्ठे, आणि ती नेमकी आरडीच्या बाजूलाच पडणार हे लिहून ठेवा. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो वाकतो, त्याचं काम तेच आहे. पण दोन-तीन मिलिमीटर वाकला तरी मागचे गिअर बोंबलायला लागतात आणि लोक केबल पिळत बसतात. इथे काकांकडे हँगर सरळ करायचं ते लांब दांड्याचं गेज आहे, ते हँगरच्या आट्यांमधे, आरडीच्या जागी, बसवून रिमच्या चारी बाजूंना फिरवून अंतर बघतात. माझ्या माहितीतल्या अनेक दुकानांत हे गेज एकतर नाही किंवा भिंतीवर शोभेला आहे, तिथे डोळ्याने अंदाज घेतात आणि मोठ्या पान्याने झटका देतात, त्यात आटे गेले की मग नवीन हँगर शोधत फिरा. शोधणं सोपं नाही, कारण हँगरचे आकार शेकड्याने आहेत, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे पण वेगळे. काकांकडे एक खण फक्त हँगरचा आहे आणि एक वही, जिच्यात त्यांनी प्रत्येक हँगर कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढलीय. तुमचा जुना त्या रेषेवर ठेवून बघायचा, जुळला तर घ्यायचा. स्रॅम कंपनीने २०१९ मधे सगळ्या फ्रेमला एकच चालेल असा यूडीएच हँगर आणला, नव्या महाग सायकलींना तो येतो पण, पण आपल्याकडे रस्त्यावर जे धावतंय त्यातल्या बहुतेकांना अजून ही वहीच कामाची.

करकर हा अजून एक विषय. पेडल मारताना खालून कर्र कर्र आवाज आला की शंभरातले नव्वद जण म्हणतात बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्यांच्या मधलं बेअरिंग) गेली. माझीही तशीच करकर होती आणि मला आधीच सांगण्यात आलं होतं की बीबी बदलायची तयारी ठेव. काकांनी चेन क्रँकवरून (पेडलचे दांडे आणि त्यांची चकती) खाली टाकली, क्रँक नुसता हाताने फिरवला, मग दोन्ही हातांनी आडवा हलवून बघितला. ढिला नाही, खरखर नाही. म्हणजे बीबी सध्या सोड. मग मला गल्लीत चक्कर मारायला लावली, आधी सीटवर बसून, मग उभं राहून. दोन्हीत आवाज, म्हणजे सीटपोस्टचा, सीटच्या दांड्याचा, दोष नाही. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून परत लावले, तरी आवाज. चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या चकत्यांचे, बोल्ट घट्ट केले, तरी आवाज. शेवटी निघाला कुठून, तर हँगर आणि फ्रेम यांच्या मधे चिखलाचा वाळलेला थर होता, आणि हँगरचा तो एवढासा स्क्रू अर्धा फेरा सैल. साफ करून, ग्रीसचा पुसटसा हात फिरवून बसवला, आवाज बंद. पन्नास रुपये. आवाज येतो एकीकडून आणि फ्रेमच्या नळ्यांमधून फिरून ऐकू येतो भलतीकडून, त्यामुळे स्वस्त गोष्टीपासून सुरू करून महाग गोष्टीकडे जायचं हा काकांचा क्रम मला पटला. आणि खरंच बीबी बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, आपल्याकडच्या बहुतेक आटेवाल्या बीबीत चेनच्या बाजूला उलटे आटे असतात, घरी जोर लावून भलतीकडे फिरवत बसाल तर ती सैल होण्याऐवजी अजून घट्ट बसेल.

ब्रेकचं काम इथे चांगलं होतं, पण तयारी ठेवून जा, लेक्चर मिळेल. पावसाळ्यात येऊरचा लाल चिखल मऊ रेझिनचे ब्रेक पॅड अक्षरशः खाऊन टाकतो, म्हणून जूनमधे सगळे मेटल पॅड मागायला येतात. काका पॅड द्यायच्या आधी रोटर पुसतात आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावतात. स्वस्त रोटरवर बऱ्याचदा स्पष्ट छापलेलं असतं की फक्त रेझिन पॅड वापरा. तो रोटर मऊ असतो, मेटल पॅड त्याला कानशीसारखे घासून काढतात. मग रोटर बदलायचा, आणि रोटर बदलायचा तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघायचा, सहा बोल्टवाला आहे की मधे एकाच रिंगने रोटर बसवायचा सेंटरलॉक. माझा सहा बोल्टचा निघाला, १६० चा रोटर मिळून गेला. जाडीसुद्धा व्हर्निअरने मोजतात, शिमानोच्या कितीतरी रोटरवर १.५ मिलिमीटर ही किमान जाडी छापलेली असते, त्याखाली गेला की कचरा. पॅडच्या बाबतीत एक चांगली बातमी अशी की शिमानोचा साधा बी०१एस ज्या आकाराचा, त्याच आकाराचे पॅड टेक्ट्रोच्या बऱ्याच ब्रेकना लागतात, त्यामुळे ते कुठेही मिळतात.

तिथे बसलो असताना एक जण ब्रेक घेऊन आला होता, लिव्हर दाबला की परत यायलाच तयार नाही. काकांनी लिव्हरची वरची टोपी उघडून नुसता वास घेतला आणि विचारलं, "यात गाडीचं ब्रेक ऑइल कुणी टाकलं?" त्याने कुठल्यातरी गॅरेजमधे 'टॉप अप' करून घेतलं होतं. शिमानो आणि टेक्ट्रोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, गाडीत असतं ते डॉट फ्लुइड. स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकना डॉटच लागतं, म्हणून लोकांचा गोंधळ होतो, ऑइल ते ऑइल. मिनरलच्या ब्रेकमधे डॉट गेलं की आतले रबराचे सील फुगतात आणि पिस्टन अडकतो, मग कितीही वेळा ब्लीड करा (जुनं ऑइल आणि हवा काढून नवीन भरा). त्या माणसाला पूर्ण सेट बदलायला सांगितला आणि तो ऐकेना, दोन दुकानं फिरून येतो म्हणाला. काका म्हणाले ये फिरून, पण तोपर्यंत घाटातून खाली येऊ नकोस.

अजून एक किस्सा, कारण तो मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटला. कॉलेजचा एक पोरगा आला, हातात ऑनलाइन बघितलेला बारा स्पीडचा किट, कार्टमधे टाकून ठेवलेला, फक्त ऑर्डर द्यायची बाकी. त्याची सायकल म्हणजे सात गिअरची साधी एमटीबी, पंधरा-वीस हजारांत येते तसली. "काका हे बसवून द्याल ना?" काकांनी मागचं चाक काढून त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "चकत्या उलट्या फिरव आणि मधे जिथे पाना बसतो ती जागा बघ, फिरते का?" नाही फिरली. फिरली असती तर कॅसेट, नाही फिरली म्हणजे फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या चकत्या आणि खटखट करणारी यंत्रणा एकाच गोळ्यात आणि तो गोळा हबवर आट्यांनी बसवलेला. या हबवर कॅसेट बसतच नाही. बारा स्पीड हवं तर हब बदला, म्हणजे खरं तर चाकच बदला, आणि त्यातही शिमानोचं माउंटन बाइकचं बारा घेतलं तर मायक्रो स्प्लाइनचा फ्रीहब लागतो, स्रॅमच्या वरच्या कॅसेटना एक्सडी लागतो, फक्त एनएक्स आणि एसएक्ससारख्या खालच्या कॅसेट जुन्या एचजी फ्रीहबवर जातात. पोराचा चेहरा उतरला. काकांनी त्याला सातचीच नवीन फ्रीव्हील, १४ ते ३४ दात्यांची, नवीन चेन आणि केबल असं सगळं मिळून दीडेक हजाराचं काम सुचवलं आणि सांगितलं उरलेले पैसे साठव, पुढच्या वर्षी सायकलच घे. खरं सांगतो, एखाद्या ग्राहकाला वीस हजारांवरून दीड हजारावर आणणारा दुकानदार आजकाल बघायला मिळत नाही.

हे कॉम्पॅटिबिलिटीचं झेंगट पुढे कमी होणार असं समजू नका. २०२३ मधे शिमानोने क्यूज ही नवी गिअरची मालिका आणली, त्यात ९, १० आणि ११ तिन्हींच्या कॅसेटवर चकत्यांमधलं अंतर एकच ठेवलं, म्हणजे आपसात तरी गोंधळ कमी, चांगली गोष्ट आहे. पण त्यातला नऊ हा माझ्या जुन्या नऊशी जमत नाही. आता दुकानात जाऊन 'नऊ स्पीडचा शिफ्टर द्या' एवढं म्हणून भागणार नाही, कुठला नऊ ते सांगावं लागणार. मायक्रोशिफ्ट कंपनीचा ॲडव्हेंट हा गिअरचा किट लोकांना आवडतो, पुढे एक मागे नऊ, क्लच असलेला आरडी, चेन दगडांवर उसळत नाही, पण त्याचा शिफ्टर आणि आरडी जोडीनेच घ्यावे लागतात, त्याच्या आरडीवर शिमानोचा शिफ्टर चालत नाही. कॅसेट आणि चेन मात्र नऊच्या नेहमीच्या चालतात. काका हे किट लावून देतात, तुम्ही आणलंत तरी.

बेअरिंगचं सांगायचं राहिलं. मागच्या हबमधे खरखर होती, दुसरीकडे पूर्ण हब बदला सांगितलं होतं. काकांनी हब उघडून बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचला, ६९०२, चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले माझ्याकडे आत्ता नाही, मस्जिद बंदरला उतर आणि नागदेवी स्ट्रीटला जा, कंपनी एनबीसी किंवा एसकेएफ काहीही चालेल, पण दोन्ही बाजूंना रबर असलेलं, टूआरएस, नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं घेऊ नको, पाऊस आत जाईल. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर, मग ती सायकलची असो की मोटरची. नागदेवीच्या दुकानदाराने विचारलं कुठल्या मशीनला, सायकल म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. स्वतःच्या दुकानातला विक्रीचा चान्स घालवून दुसऱ्या गल्लीत पाठवणारा माणूस, यावर अजून काय लिहू.

आता कापलेल्या स्टारबद्दल. एक, वेळ. काका 'परवा ये' म्हणतात तेव्हा तो परवा कुठला ते विचारून घ्या. जूनच्या आधी आणि गणपतीच्या आसपास तर विसरा. दोन, फोन उचलत नाहीत, कधीच नाहीत. तीन, जागा नाही म्हणून दुरुस्तीला आलेल्या सायकली रात्री बाहेर ताडपत्रीखाली साखळीने बांधून ठेवतात, पावसात हे मला बिलकुल पटलं नाही, ज्यांची सायकल महाग आहे त्यांनी काम सुरू होईल त्याच दिवशी द्यावी. चार, हाताखालचा पोऱ्या मेहनती आहे पण त्याच्या हातात पंप दिला की तो ट्रकच्या टायरसारखी हवा भरतो. माझ्या मागच्या टायरमधे पंचावन्न पीएसआय भरून दिलं होतं, दगडांवर सायकल नुसती टणाटण उडत होती, घरी येऊन अर्ध्यावर आणली. तुमचं प्रेशर तुम्हीच सांगा. आणि पाच, फोर्कचं, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं, काम फार वरवरचं. कॉइलचा साधा फोर्क उघडून साफ करून ग्रीस लावून देतात, तेवढं ठीक, पण एअर फोर्क किंवा डँपरचं काम घेत नाहीत. काका स्वतःच सांगतात की मला नाही येत, दुसरीकडे दे. या प्रामाणिकपणाचे मार्क देऊ की सर्व्हिस नाही म्हणून कापू, ठरत नाही, म्हणून तिथे कापले नाहीत.

ऑनलाइन घेतलेले पार्ट बसवून देतात का, हा प्रश्न इथे दोघा-तिघांनी विचारलाय. देतात, पण आधी तपासणीचे शंभर रुपये वेगळे घेतात आणि पार्ट चुकीचा असेल तर ते शंभर परत नाहीत. काही लोक यावरून भांडतात. मला ते शंभर एकदम योग्य वाटतात, कारण तपासणी म्हणजे नुसती नजर मारणं नसतं, चेन उतरवून फूटपट्टीने बारा इंच मोजतात, झीज किती ते बघतात, सोळांश इंच वाढली असेल तर चेन, अष्टमांश वाढली असेल तर चेनसोबत कॅसेट पण, कारण झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन घसरते आणि मग सगळा दोष नव्या पार्टवर जातो. हे शंभर रुपयांत कळत असेल तर महाग कुठे आहे.

सोमवारी बंद, बाकी सकाळी अकरानंतर. यूपीआय चालतं, बिल हाताने लिहिलेलं मिळतं. जायच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ठेवा, शिफ्टरचा खालून, आरडीच्या मागे कोरलेल्या नंबराचा, आणि मागच्या चाकाचा चकत्यांच्या बाजूने. उत्तर येतं रात्री दहाच्या पुढे, आणि बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे अजून एक फोटो मागितलेला असतो, या वेळी जवळून आणि फडक्याने पुसून.